टाके किती, हा प्रश्न नंतरचा

यकृतातून आतड्याकडे पित्त नेणारी नळी जन्मजात दोषामुळे पिशवीसारखी फुगते, तिला डॉक्टर ‘कोलेडोकल सिस्ट’ म्हणतात. आजार दुर्मीळ; आशियात अधिक आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त. पोटदुखी, कावीळ आणि बरगडीखाली हाताला लागणारी गाठ ही तीन लक्षणे मोठ्या माणसात एकत्र क्वचितच दिसतात. बऱ्याचदा पित्ताशयातल्या खड्यांसाठी सोनोग्राफी होते आणि नळी रुंद असल्याचे तेव्हाच कळते.

जपानी शल्यविशारद तोदानी यांनी १९७७ मध्ये या सिस्टचे पाच प्रकार मांडले. अनेक रुग्णांत पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नळी नेहमीपेक्षा वर जुळतात. त्यामुळे स्वादुपिंडाचा पाचकरस उलटा पित्तनलिकेत शिरतो, आतले अस्तर वर्षानुवर्षे जळत राहते आणि वयाबरोबर कर्करोगाचा धोका वाढतो. पूर्वी पिशवी तशीच ठेवून ती आतड्याला जोडत. शस्त्रक्रिया सोपी होती, कावीळही उतरत असे. पण मागे राहिलेल्या अस्तरात पुढे कर्करोग निघू लागला आणि ती पद्धत मागे पडली.

आता यकृताबाहेरची पिशवी पित्ताशयासकट काढतात आणि लहान आतड्याचा एक पदर वर आणून यकृताच्या नळीला शिवतात. पिशवीच्या मागेच यकृताकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी असते. मोठ्यांत वारंवारच्या सुजेने पिशवी तिला चिकटलेली असते. खालचे टोक स्वादुपिंडात रुतलेले असते. खरी परीक्षा इथे आणि त्या जोडात असते.

दुर्बिणीने ही शस्त्रक्रिया झाल्याची पहिली नोंद १९९५ ची, इटलीतल्या एका लहान मुलीची. मोठ्यांवरील अनुभवही आता बराच जमला आहे. पोट उघडून करण्यापेक्षा दुर्बिणीने रक्तस्राव आणि वेदना कमी, घरी जाणे लवकर. मात्र वेळ जास्त लागतो. सरावलेल्या हातांत पित्त गळणे किंवा जोड आवळणे हे धोके दोन्ही पद्धतींत साधारण सारखेच दिसतात. पण बहुतेक तुलना जुन्या नोंदींवरून झाल्या आहेत आणि दुर्बिणीसाठी मुळात सोपे रुग्ण निवडले गेल्याची शंका उरते. घट्ट चिकटलेली पिशवी, आधी झालेली शस्त्रक्रिया किंवा कर्करोगाचा संशय असेल, तर पोट उघडणेच बहुधा शहाणपणाचे.

भारतात दुर्बिणीने पित्ताशय काढण्याची सुरुवात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केली. आज ती शस्त्रक्रिया जिल्ह्याच्या गावीही सरावाची आहे, म्हणून नातेवाईक सिस्टसाठीही तीच अपेक्षा धरतात. जिल्ह्यांत सोयीही वाढत आहेत: उदाहरणार्थ, परभणीत २०२३ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याच वर्षी राज्याच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे उपचारखर्चाचे कवच ५ लाख रुपयांपर्यंत नेण्याचा निर्णय झाला. तरीही अशी दुर्मीळ शस्त्रक्रिया प्रत्येक जिल्ह्यात व्हावी, असा आग्रह रुग्णाच्या हिताचा नाही. जिल्ह्याचे काम आजार वेळेत ओळखण्याचे. खड्यांच्या शस्त्रक्रियेआधी नळी रुंद दिसली, तर एमआरसीपी ही चुंबकीय तपासणी करून रुग्णाला यकृत-पित्तमार्गाच्या तज्ज्ञाकडे पाठवणे, हाच योग्य मार्ग.

तिथे विचारायचे ते हे: अशा किती शस्त्रक्रिया केल्या, पिशवी पूर्ण निघेल का, अडचण आली तर पोट उघडण्याची तयारी आहे का? पिशवी काढल्यावरही उरलेल्या नलिकांत कर्करोगाचा थोडा धोका राहतो आणि जोड वर्षांनी आवळू शकतो. म्हणून छेद कसाही असला तरी तपासणी आयुष्यभर चालू ठेवावी लागते. ताप, थंडी किंवा कावीळ परतली, तर लगेच रुग्णालय गाठावे लागते.