पहिला पेला देतं कोण?

हळदीच्या रात्री मांडवात डीजे दणाणत असतो आणि मांडवामागे थोरल्यांची बैठक रंगलेली असते. बर्फ आण, चखणा आण, ग्लास विसळ, ही कामं नववी-दहावीतल्या पोराकडे येतात. मध्यरात्र उलटली की एखादा मामा नाहीतर चुलतभाऊ पेला पुढे करतो, "घे रे, एवढ्यानं काय होतंय?" पेण-रोह्याच्या गावांत याचं कुणाला नवल वाटत नाही.

राज्यात सौम्य बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षं पूर्ण असावी लागतात. बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ नुसार अल्पवयीन मुलाला दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. या कलमात मामाला सूट नाही.

मग येतात मित्र. अमेरिकेतल्या गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये मुलांना आणि मोठ्यांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला. दोन मित्र शेजारी असताना १३ ते १६ वयाच्या मुलांनी एकट्याने खेळण्याच्या जवळपास दुप्पट धोके पत्करले; चोविशीपुढच्यांवर मित्रांचा परिणाम जवळजवळ झालाच नाही. खेळ दारूचा नव्हता. पण कोलाडला कुंडलिकेच्या काठी वर्गणी काढून बाटली उघडणाऱ्या टोळक्यात, एरवी शहाणा असलेला मुलगा नाही का म्हणू शकत नाही, ते यावरून समजतं.

"संगतीनं बिघडला" हे मात्र अर्धंच खरं. संगत मुलगा स्वतःही निवडतो. घरात बोलणं तुटलं, बाप रोज पिऊन येऊ लागला, की जिथे कुणी विचारत नाही असा कट्टा तो शोधून काढतो.

पण हे बदलता येतं. आइसलँडमध्ये १९९८ साली १५-१६ वर्षांची ४२ टक्के मुलं महिन्याभरात कधीतरी नशेत असल्याचं सांगत होती. २०१६ पर्यंत हे प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. तिथे खेळ-संगीतासाठी कुटुंबांना पैसे दिले गेले, मुलांच्या रात्री उशिरा भटकण्यावर बंदी आली, आणि पालकांनी एकमेकांशी लेखी करार केले.

पेण-रोह्यात क्रिकेट आहे, दहीहंडीचा सराव आहे, भजनी मंडळं आहेत. तरी सामना जिंकल्यावर पार्टी ठरते तेव्हा सोबत जाणता माणूस नसेल, तर मैदान अपुरं पडतं. मुलं कुणाच्या घरी जमणार, तिथे मोठं कोण असणार, परत किती वाजता यायचं, हे दहावीच्या सुट्टीआधीच्या पालकसभेत आईबापांना आपसांत ठरवता येईल. त्याला सरकारी योजना लागत नाही.