सर्कट कॅमेऱ्यामागचा एक दिवस

सकाळी ६. काळ १९२० च्या दशकातला, ठिकाण टेक्सासमधलं सॅन अँटोनिओ. लष्करी तुकड्यांचे लांबच लांब फोटो काढून ई. ओ. गोल्डबेक यांनी याच गावातून नाव कमावलं. असा फोटोग्राफर ऊन चढायच्या आत छावणीच्या मैदानावर हजर असे.

७. तिवईच्या जागी खुंटी ठोकून दोरीनं जमिनीवर मोठी कमान आखायची. सरळ रांग लावली, तर फोटोत मधली माणसं मोठी दिसतात आणि टोकाची लहान होत जातात. कमानीवर सगळे कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर येतात, म्हणून फोटोत रांग सरळ उमटते. माझ्या मते या कामातलं खरं कसब इथंच आहे.

८. तिवई पाणसळीत आणायची. जरा कलली, तर क्षितिज लाटेसारखं वर-खाली होतं. मग भिंगाला जुळणारं दातेरी चाक बसवायचं. १९०४ मध्ये पेटंट मिळालेला हा सर्कट कॅमेरा चावी दिली की तिवईवर स्वतः फिरतो आणि आतली फिल्म अरुंद फटीमागून उलट दिशेनं सरकते. दोन्ही वेग जुळले नाहीत, तर चेहरे पुसट येतात.

१०. पुढची रांग जमिनीवर, मागे खुर्च्या, त्यामागे उभे, सगळ्यात मागे बाकांवर चढलेले. "हलू नका!" कॅमेरा घरघरत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वळतो. एखादा वांड शिपाई आपल्यावरून भिंग पुढे सरकताच मागून धावत दुसरं टोक गाठतो आणि एकाच फोटोत दोनदा येतो.

दुपारी १. डार्करूम. दहा इंच रुंद, कधी माणसाच्या उंचीहून लांब फिल्म. दोन्ही टोकं हातात धरून ती लाल उजेडात रसायनाच्या ट्रेमधून एकसारखी खाली-वर खेळवायची. हात थांबला की डाग पडलाच.

४. वाळलेल्या निगेटिव्हवर शाईनं उलट्या अक्षरांत तुकडीचं नाव आणि तारीख. शाईतून उजेड जात नाही, म्हणून छापात अक्षरं पांढरी येतात. फोटो मोठा करायचा नसतोच. निगेटिव्ह कागदाला भिडवून त्याच मापाचा छाप. म्हणून शेकडो माणसांतही प्रत्येकाची मिशी न् मिशी दिसते. एवढा तपशील मला आजच्या फोनच्या पॅनोरमात सापडत नाही.

संध्याकाळी शिपाई आपापली प्रत विकत घेत आणि गुंडाळी करून घरी पाठवत. अशा गुंडाळ्या आजही जुन्या पेट्यांतून निघतात. तुमच्या हाती एखादी आली, तर ताणून उघडू नका. कोरडा पडलेला कागद तडकतो आणि तडा नेमका कुणाच्या तरी चेहऱ्यावरून जातो. जुने कागद सांभाळणाऱ्या जाणकाराकडेच ती द्या.