टायर निवडण्यापूर्वी वाटेचा जमाखर्च

मराठवाड्यातील वा विदर्भातील व्यापारी कुटुंबाची मोटार एका दिवसात अनेक वाटा तुडविते. सकाळी बाजार समिती, दुपारी कच्च्या रस्त्याने जिनिंग किंवा शेत आणि सायंकाळी घरच्या मंडळींसह लग्नकार्यासाठी महामार्ग. अशा मोटारीचे टायर झिजले की ‘ऑल टेरेन’ टायरचा विषय निघतो. रुंद खाचांचा हा दणकट टायर दिसतो रुबाबदार, त्यामुळे तरुणांचा कौल लगेच त्याच्या बाजूने पडतो. परंतु मालाची खरेदी हिशेबाने करणाऱ्या घराने टायर केवळ रूप पाहून घेऊ नये.

स्थूलमानाने या मोटारींच्या टायरांचे तीन वर्ग आहेत. ‘हायवे टेरेन’ डांबरी रस्त्यासाठी, ‘मड टेरेन’ चिखलासाठी आणि ‘ऑल टेरेन’ या दोहोंमधला. मधला याचा अर्थ दोन्हीकडे सर्वोत्तम असा नव्हे. दोन्हीकडे थोडी तडजोड असा होय.

प्रथम जमेची बाजू पाहू. याच्या खाचा खोल असतात, रबर दगडाने सहसा कापले जात नाही आणि अनेक प्रकारांत बाजूची भिंतही अधिक मजबूत असते. मुरूम, खडी व खडकाळ चढण यांवर तो विश्वासाने चालतो.

आता खर्चाची बाजू. टायरचे वजन वाढते, फिरण्यातील अवरोध वाढतो, म्हणून इंधन अधिक लागते. वेग वाढला की घरघर ऐकू येते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ओल्या डांबरावर ब्रेक लावल्यास चांगल्या हायवे टायरच्या तुलनेत मोटार बहुधा अधिक अंतरावर थांबते. खोल खाचा पाणी बाहेर टाकतात हे खरे. परंतु रुंद खाचांमुळे रस्त्याला टेकणारे रबर कमी असते आणि उंच ठोकळे ब्रेकच्या दाबाने लवतात. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. तेथे पावसात पुढचे वाहन अचानक थांबले, तर ही नोंद रुपयांत होत नाही.

एक गैरसमजही दूर व्हावा. पावसाळ्यातील चिकट काळी माती ऑल टेरेनच्याही खाचांत भरते आणि टायर गुळगुळीत होऊन जागीच फिरू लागतो. दोन चाकांना शक्ती मिळणारी मोटार केवळ टायर बदलल्याने चार चाकांची होत नाही.

मापाचा मोहही आवरावा. २३५/६५ आर १७ या टायरचा व्यास सुमारे ७३७ मिलिमीटर असतो. २५५/६५ आर १७ चा सुमारे ७६३. फरक साडेतीन टक्क्यांचा. म्हणजे पूर्वी काटा १०० दाखवीत असताना जो प्रत्यक्ष वेग असे, त्याहून साडेतीन टक्के अधिक वेगाने मोटार धावते. म्हणून कंपनीने दिलेलेच माप ठेवावे. मापापुढील आकडा भारक्षमता सांगतो. १०४ म्हणजे प्रत्येक टायरवर कमाल ९०० किलो. हा आकडा मूळ टायरपेक्षा कमी नसावा. बाजूवरील चार अंकी शिक्क्यावरून वयही कळते. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. जुना पडून राहिलेला माल नाकारावा.

मग निवड कशी करावी? एक महिनाभर वहीत दोन रकाने आखावेत, डांबरी आणि कच्चे, आणि रोजचे किलोमीटर लिहावेत. शंभरांतील दहा-पंधराच कच्चे असतील आणि तेही मुरमाचे, तर चांगला हायवे टायर व सावकाश चालविणे पुरेसे आहे. रोजच खडी, दगड व चढण असेल, तर सौम्य नक्षीचा ऑल टेरेन घ्यावा. मात्र चारही टायर एकसारखे असावेत आणि पावसात वेग कमी ठेवून पुढच्या वाहनापासून अंतर वाढवावे. मऊ जमिनीसाठी हवा कमी केली असल्यास महामार्गावर येण्यापूर्वी ती पुन्हा भरावी. खाचेची खोली १.६ मिलिमीटरवर येण्याची वाट पाहू नये. ती कायद्याची अखेरची मर्यादा आहे, सुरक्षिततेची हमी नव्हे.

धावत्या मोटारीचा रस्त्याशी संबंध साधारण तळहाताएवढ्या चार ठशांपुरताच असतो. घरची सारी माणसे त्या चार ठशांच्या भरवशावर बसलेली असतात. टायरची निवड करताना एवढे स्मरणात असावे.