दारू सोडणाऱ्याला बक्षीस द्यावे काय?

आपल्या गडचिरोली जिल्ह्यात १९९३ सालापासून दारूबंदी आहे. शेजारच्या चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. पण बंदी असो की नसो, व्यसनी माणूस घराघरांत आहेच. कोणी मोहाची पितो, कोणाच्या गालात सकाळपासून खर्रा. अशांना सोडवण्यासाठी २०१६ साली गडचिरोलीत 'मुक्तिपथ' हे काम सुरू झाले.

व्यसन सोडवण्याची एक निराळी रीत अमेरिकेत आहे. रोगी आठवड्यातून दोनतीनदा दवाखान्यात येतो. त्याची लघवी तपासतात. नशा सापडली नाही, तर तो भांड्यातून चिठ्ठी काढतो. निम्म्या चिठ्ठ्यांवर नुसते 'शाबास' असते. बाकीच्यांवर लहान बक्षीस, आणि एखादीवर मोठे. रोख पैसा सहसा देत नाहीत, वस्तू देतात. तेथील माजी सैनिकांच्या दवाखान्यांत २०११ पासून ही रीत चालू झाली.

तुम्ही म्हणाल, हे काय भलतेच! न पिण्याचे बक्षीस? मग जो कधीच प्याला नाही, त्याने काय पाप केले? वाचकहो, तिकडचे उपचार करणारेही हेच म्हणाले. कोणी म्हणाले, ही तर लाच झाली. कोणी म्हणाले, खर्च कोण देणार? आणि बक्षीस थांबले की गडी पुन्हा गुत्त्यावर जाणार, मनातले दुखणे तसेच राहणार.

ही शेवटची शंका आम्हांला खरी वाटते. आम्ही शाळेवर होतो तेव्हा मोहफुलांच्या दिवसांत वर्ग ओस पडत. आठवडाभर न चुकता येईल त्याला पेन्सिल, असे आम्ही सांगितले. पोरे येऊ लागली. पेन्सिली संपल्या अन् निम्मी पोरे परत मोहाखाली! पण निम्मी राहिली, हेही खरे. तोवर त्यांना वाचता येऊ लागले होते.

व्यसनाचेही असेच आहे. पेला आज सुख देतो. सोडण्याचे सुख, म्हणजे घरात पैसा, अंगात ताकद, ते फार उशिरा येते. मधले दिवस निघावेत म्हणून हे लहानसे बक्षीस. ते थांबल्यावर काहीजण घसरतात. म्हणून त्याच्या जोडीला औषध आणि समजावणी लागतेच. ज्यांनी ही रीत स्वतः वापरली, त्यांचा विरोध पुष्कळदा कमी झालेला दिसतो.

तपासणी मात्र चोख हवी. दारू श्वासाच्या यंत्रात कळते, पण काही तासांनी निघून जाते. खर्रा त्या यंत्रात कळतच नाही, त्याला लघवी किंवा थुंकी तपासावी लागते. ज्याच्यात नशा सापडली, त्याला रागवायचे नाही. त्या दिवशी चिठ्ठी नाही, इतकेच. परवा त्याने पुन्हा यायचे.

आणखी एक. जो रोज भरपूर पितो, त्याने बक्षिसाच्या आशेने दारू एकाएकी तोडू नये. हातपाय कापतात, झटके येतात, प्रसंगी जीवही जातो. त्याला आधी डॉक्टरकडे न्यावे.