पानाला परवाना, फुलोऱ्याला तुरुंग

वाराणसीत सरकारी परवान्याच्या दुकानातून भांग राजरोस विकली जाते. गोदौलियाच्या ठंडाईत ती घोटलीही जाते. त्याच झाडाचा फुलोरा, म्हणजे गांजा, खिशात सापडला तर मात्र गुन्हा. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने फुलोरा आणि चरस यांवर बंदी घातली, शेंड्याविना असलेली पाने व्याख्येबाहेर ठेवली. हा भेद वनस्पतिशास्त्रापेक्षा परंपरेपुढील राजकीय माघारीचा अधिक आहे.

अमेरिकेत ऑक्टोबर २०२२ मध्ये तत्कालीन अध्यक्ष जो बायडेन यांनी केंद्रीय कायद्याखाली केवळ गांजा बाळगल्याबद्दल दोषी ठरलेल्यांना माफी दिली. आपल्याकडे ती वाट अरुंद आहे. १९८९ साली संसदेने घातलेल्या कलम ३२अ ने या कायद्याखालील शिक्षेत सूट देण्यास मनाई केली. अपवाद फक्त सेवनाच्या गुन्ह्याचा. म्हणजे ओढणाऱ्यास सूट मिळू शकते, पुडी बाळगणाऱ्यास नाही! ‘दादू विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ खटल्यात २००० साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा स्थगित करण्याचा न्यायालयांचा अधिकार पुन्हा प्रस्थापित केला. राष्ट्रपती व राज्यपालांच्या क्षमाधिकारालाही या कलमाने बाधा येत नसल्याचे स्पष्ट केले. कारागृह प्रशासनामार्फत मिळणारी नेहमीची सूट मात्र बंदच राहिली.

२०१४ च्या दुरुस्तीने वेदनाशामक औषधांची वाट सुकर झाली. पण एक किलोपर्यंतच्या गांजासाठीची कमाल कैद सहा महिन्यांवरून एक वर्षावर गेली. डिसेंबर २०२० मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांत गांजाला सर्वांत कठोर नियंत्रणाच्या यादीतून वगळण्याच्या बाजूने मत दिले. खुद्द संसदेत गांजाला कायदेशीर मान्यता मागणारे धरमवीर गांधी, तथागत सत्पथी यांच्यासारखे खासदार एकाकीच राहिले. वर्षभराची कैद किरकोळ वाटेल. परगावी नोकरी शोधणाऱ्या तरुणाला पोलिसांकडील चारित्र्य पडताळणीत ती पुन्हा आडवी येते.