अभिजात अर्थशास्त्राची ओळख – ५ : रिकार्डोचा खंड आणि नेसरीची मळी

नेसरी म्हटलं की प्रतापराव गुजर आणि १६७४ ची ती सात जणांची झेप आठवते. आपण मात्र आज स्मारकाकडे न वळता घटप्रभेच्या काठाला उतरू.

काठच्या मळीला बंधाऱ्याचं पाणी, वर माळाला मुरमाड जमीन. दोन्हीकडे ऊसच लावला आणि खर्चही सारखाच धरला, तर मळीत समजा एकरी ५० टन निघाला, माळावर ३०. दोघांचा ऊस एकाच कारखान्याला जातो, दरही एकच. माळावरच्याचा कसाबसा खर्च निघतो. मळीवाल्याकडे २० टन वर उरतात. ही मळी कुणी खंडाने मागितली तर मालक काय सांगेल? त्या २० टनांच्या आसपासचाच आकडा. डेव्हिड रिकार्डोने १८१७ साली मांडलेली खंडाची उपपत्ती ती हीच. पीक महागलं म्हणून खंड चढतो. खंड चढला म्हणून पीक महागत नाही.

या उपपत्तीचा प्रयोग झाला तो आपल्याच पुणे जिल्ह्यात. इंग्लंडात हेलबरीला ईस्ट इंडिया कंपनीचं कॉलेज होतं, माल्थस तिथं अर्थशास्त्र शिकवायचा. तिथून शिकून आलेल्या रॉबर्ट कीथ प्रिंगलकडे १८२० च्या दशकाअखेरीस जमिनीची मोजणी आली. पिकातून लागवडीचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्यातले ५५ टक्के सरकारने घ्यायचे, असं त्याने ठरवलं. खंड काही मालकाच्या घामाचा नाही, मग सरकारने घेतला तर शेतीचं बिघडतं काय? कागदावर बिनतोड!

बिघडलं ते हिशेबात. बैल, बियाणं, मजुरी इथवर ठीक. पण घरची माणसं राबतात, त्यांची मजुरी कोणत्या भावाने धरायची? त्यात आकडे भरणारे कारकून हात ओले झाल्याशिवाय लेखणी उचलेनात. धान्याचे भावही पडले. सारा झेपेना, तेव्हा रयतेने जमिनी पडीक टाकल्या. शेवटी १८३५ पासून इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडला. जमिनीची प्रत आणि मागची वसुली पाहून त्यांनी ३० वर्षांसाठी सारा बांधला.

म्हणून रिकार्डो चुकला, असं मी म्हणणार नाही. जमिनीतला लाभ कुणाकडे वळतो हे तो नेमकं सांगतो. एकेका शेताचा आकडा मात्र त्याच्याकडे मागू नये. आजही बघा. मालक मुंबईत, जमीन गावच्या भाऊबंदाकडे खंडाने. सरकारी पैशातून बंधारा झाला की करणाऱ्याचे कष्ट तेवढेच राहतात आणि पुढच्या साली खंड वाढतो. मालकाने कुदळही उचललेली नसते. अशा आयत्या वाढीवर कर बसवा, असं जॉन स्टुअर्ट मिलचं म्हणणं होतं. मिल स्वतः ३५ वर्षं कंपनीच्या लंडन कचेरीत नोकरीला होता. पण त्या वाढीत पाण्याचा वाटा किती आणि मालकाने बांधबंदिस्तीला घातलेल्या पैशाचा किती, हे ठरवायला पुन्हा कुणाला तरी प्रिंगलसारखी वही घेऊन बांधावर बसावं लागेल.

(पुढील आठवड्यात : न्यायमूर्ती रानडे यांचं १८९२ चं डेक्कन कॉलेजातलं व्याख्यान)