येशूसंघाचा गोव्यातील आरंभकाळ

येशूसंघ (जेझुइट संघ) हा रोमन कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ आहे. इग्नेशियस लोयोला यांनी स्थापन केलेल्या या संघास पोप तिसरे पॉल यांनी १५४० मध्ये मान्यता दिली. अवघ्या दोन वर्षांत त्याचे कार्य पोर्तुगीजांच्या ताब्यातील गोव्यात सुरू झाले.

लोयोलांचे सहकारी फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यात पोहोचले. तेथे ते फार काळ राहिले नाहीत. मलाक्का, जपान असा प्रवास करीत १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्यालगतच्या बेटावर त्यांचा मृत्यू झाला. संघाला गोव्यात स्थैर्य दिले ते सेंट पॉल कॉलेजने. अबिसिनियाकडे निघालेले एक मुद्रणयंत्र १५५६ मध्ये गोव्यातच राहिले आणि या कॉलेजात भारतातील पहिला छापखाना सुरू झाला.

धर्मप्रसारासाठी बारदेश फ्रान्सिस्कनांकडे, तर सासष्टी येशूसंघाकडे आली. सासष्टीतील हा इतिहास सक्तीपासून वेगळा काढता येत नाही. पोर्तुगीज सत्तेने तेथील देवळे पाडली. कुशस्थळीचा मंगेश व केळशीची शांतादुर्गा भाविकांनी नदीपलीकडे, आदिलशाही मुलखातील अंत्रूज महालात हलवली. २५ जुलै १५८३ रोजी कुंकळ्ळीच्या ग्रामस्थांनी पाच जेझुइटांना ठार केले. त्यांत अकबराच्या दरबारातून नुकतेच परतलेले रुदोल्फो आक्वाविवा होते. पुढे पोर्तुगिजांनी गावच्या प्रमुखांना बोलणी करण्याच्या निमित्ताने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारले. चर्चच्या दृष्टीने ते पाच जण हुतात्मे आहेत. गोव्यातील अनेक जण मात्र कुंकळ्ळीचा लढा परकीय सत्तेविरुद्धचा आरंभीचा उठाव मानतात.

याच सासष्टीत थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने आयुष्याचा मोठा भाग घालविला. ते १५७९ मध्ये गोव्यात आले व १६१९ मध्ये निवर्तले. जुन्या पुराणांना मुकलेल्या नवख्रिस्ती श्रोत्यांसाठी त्यांनी बायबलमधील कथा मराठी ओवीत रचली. सुमारे अकरा हजार ओव्यांचे हे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले, तेही रोमन लिपीत, कारण तेथे देवनागरी खिळे नव्हते. आशय ख्रिस्ती असला तरी ग्रंथाची घडण मराठी पुराणपरंपरेतील आहे. कोकणीचे व्याकरणही स्टीफन्स यांनी लिहिले; ते त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये प्रसिद्ध झाले.

धर्मप्रसारासाठी स्थानिक भाषा शिकण्याचे हे धोरण सत्तेने कायम ठेवले नाही. १६८४ च्या फर्मानाने स्थानिक भाषेऐवजी पोर्तुगीज वापरण्याची सक्ती झाली. १७५९ मध्ये येशूसंघालाच पोर्तुगीज प्रदेशांतून हद्दपार करण्यात आले.